मूल घडाघडा वाचतंय, पण त्याला कळतंय का? इंग्रजी आकलनाची सुरुवात

‘द झिब सॅट ऑन द मूप.’ हे वाक्य मुलाला वाचायला द्या आणि विचारा, ‘व्हेअर डिड द झिब सिट?’ उत्तर येईल, ‘ऑन द मूप.’ अगदी बरोबर! झिब आणि मूप हे दोन्ही शब्द मात्र बनावट आहेत. धड्याखालचे बरेच प्रश्न याच जातीचे असतात. प्रश्नातले शब्द धड्यात शोधायचे आणि शेजारचे उतरवायचे. त्यात पैकीच्या पैकी गुण मिळाले म्हणून मुलाला समजलं असं होत नाही.

गफ आणि टनमर या वाचन-संशोधकांनी 1986 मध्ये मांडलेलं एक साधं सूत्र इथे कामाला येतं: वाचलेलं समजणं म्हणजे शब्द उलगडता येणं (म्हणजे अक्षरांवरून तो वाचता येणं) गुणिले भाषा ऐकून समजणं. यात बेरीज नाही, गुणाकार आहे. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही पक्की असून उत्तर शून्यच. म्हणून आधी कोणती बाजू कच्ची आहे ते तपासा. मुलानं न वाचलेला सात-आठ ओळींचा उतारा घ्या आणि त्याला वाचायला लावून ‘काय झालं?’ विचारा. सांगता आलं नाही, तर तोच उतारा तुम्ही सावकाश वाचून दाखवा. आता समजला, तर अडचण अक्षर-उच्चाराच्या जोडणीत आहे. तिथे सराव हवा. ऐकूनही समजला नाही, तर त्याच्याकडून आणखी मोठ्यानं वाचून घेण्यात वेळ घालवू नका, इंग्रजी कानावर पडायला हवं. मराठीत सांगूनही डोक्यावरून गेला, तर त्या विषयाची ओळखच नाही. ज्यानं दीपगृह कधी पाहिलं-ऐकलं नाही, त्याला दीपगृहाची गोष्ट कुठल्याच भाषेत पटकन कळणार नाही. आधी चित्र दाखवा, गप्पा मारा.

पुस्तक निवडताना शंभर शब्दांचा तुकडा मोजून घ्या. मूल स्वतः वाचणार असेल तर त्यात पाचपर्यंत शब्द अडले तरी चालतं. दहाच्या वर गेले की सगळं लक्ष शब्द फोडण्यात जातं आणि अर्थ निसटतो. तुम्ही वाचून दाखवणार असाल तर थोडं अवघड पुस्तकही चालेल.

एकच पुस्तक तीन दिवस घ्या, रोज दहा-पंधरा मिनिटं. पहिल्या दिवशी चित्रं बघत मराठीत बोला, तीन-चार शब्द आधी सांगा आणि मग न थांबता वाचून दाखवा. शब्द निवडताना बहुतेक जण नामं घेतात, पण ती चित्रात दिसतातच. गोष्ट अडते ती क्रियापदांवर. ‘हिड’, ‘ग्रॅब’, ‘स्पिल’ हे शब्द करून दाखवा आणि मुलाला करायला लावा.

दुसरा दिवस गप्पांचा. मानसशास्त्रज्ञ व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये तपासलेली पद्धत घरीही सहज जमते: विचारा, दाद द्या, उत्तरात दोन-तीन शब्दांची भर घाला, ते म्हणवून घ्या. मूल म्हणालं ‘डॉग रन’, तर तुम्ही म्हणा, ‘येस, द डॉग रॅन अवे!’ आणि तेच त्याला म्हणू द्या. ‘हो की नाही’ असे प्रश्न टाळा. प्रश्न विचारल्यावर मनात पाचपर्यंत आकडे मोजा. मोठ्यांना हेच सगळ्यात जड जातं, दुसऱ्या सेकंदाला उत्तर सांगून मोकळे होतात. उत्तर मराठीत आलं तरी घ्या. आपण समज तपासतोय, बोलणं नाही. इंग्रजीतच उत्तर हवं असा हट्ट धरला की समजलेलं मूलही गप्प बसतं.

गाडी बहुतेकदा लहान शब्दांवर अडते. ‘ही’, ‘शी’, ‘इट’, ‘देम’ आले की थांबा आणि विचारा, हा कोण? पेन्सिलीनं त्या शब्दापासून नावापर्यंत बाण काढला तर आणखी चांगलं. त्यातही ‘ही’ फसवा आहे, मराठी कानाला तो बाईसाठीचा वाटतो. ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’चंही तसंच. ‘बिफोर शी एट, शी वॉश्ड हर हँड्स’ यात आधी खाणं आलं म्हणून लहान मुलं ते आधी घडलं असं धरतात. दोन्ही गोष्टी क्रमानं करून दाखवायला सांगा, गोंधळ लगेच दिसतो.

न लिहिलेलं ओळखणं ही यापुढची पायरी. ‘मीना पुट हर वेट अंब्रेला बाय द डोअर. देन शी टुक ऑफ हर शूज.’ बाहेर काय चाललंय? मूल ‘पाऊस’ म्हणालं की विचारा, ‘कशावरून?’ आणि त्याला ‘वेट’ व ‘अंब्रेला’वर बोट ठेवू द्या. दहा प्रश्न टाळून हा एक विचारला तरी चालेल. नुसता अंदाज आणि मजकुरातून काढलेला अर्थ यातला फरक इथेच कळतो.

तिसऱ्या दिवशी पुस्तक मिटून गोष्ट मुलाकडून ऐका. कागदाचे चार चौकोन करा: कोण होतं, त्याला काय हवं होतं, काय अडलं, शेवटी काय झालं. प्रत्येकात एक चित्र काढून घ्या आणि बोटानं दाखवत सांगू द्या. मुंग्या किंवा ढग यांच्या माहितीच्या पुस्तकाला मात्र हा साचा बसत नाही. तिथे ‘नवीन कळलेल्या दोन गोष्टी’ एवढंच मागा.

दोन सवयी सगळ्यावर पाणी फिरवतात. पहिली, शब्दाला शब्द ठेवून भाषांतर. मराठीत क्रियापद शेवटी, इंग्रजीत कर्त्यानंतर लगेच. तुकडे जुळत नाहीत आणि मुलाच्या हातात शब्दांची नुसती यादी उरते. सांगायचंच तर अख्ख्या पानाचा सारांश मराठीत सांगा. दुसरी, प्रत्येक उच्चारावर टोकणं. ‘हाउस’च्या जागी ‘हॉर्स’ वाचलं तर वाक्य संपू द्या आणि ‘हे जुळतंय का?’ विचारा. अर्थ बदलत नसेल तर सोडून द्या. चित्र बघून शब्द ठोकून देणाऱ्या मुलाला वाचताना चित्र हातानं झाकायला सांगा, आणि गप्पांच्या वेळी उघडा.

सलग तीन पुस्तकांची गोष्ट मुलानं न विचारता, स्वतःच्या शब्दांत सांगितली, की चौकोन बंद करा आणि थोडी लांब वाक्यं असलेलं पुस्तक घ्या.