एका अर्जामागे चालत जा: कार्यालयाची क्षमता कशी तपासावी

एखाद्या सरकारी कार्यालयाची क्षमता तपासायची म्हटलं की पहिल्यांदा मंजूर आणि रिक्त पदांचा तक्ता मागवला जातो. सुरुवातीची काही वर्षं मीही तेच करत होते. त्या तक्त्यावरून खुर्च्या किती भरल्यात ते कळतं, काम कुठे अडतं ते कळत नाही. म्हणून आता मी एकच सेवा निवडते, जन्मदाखला म्हणा, निवृत्तिवेतन म्हणा, आणि तिच्या अर्जामागे चालते.

आवक नोंदवहीतून निकाली निघालेले वीस अर्ज आणि पडून असलेले वीस अर्ज काढा. निवड स्वतः करा; कार्यालयाने आधीच काढून ठेवलेली प्रकरणं घेऊ नका. प्रत्येक नस्तीवरच्या, म्हणजे फाइलवरच्या, तारखा कागदावर उतरवा: आवक कधी, टिपणी कधी, सही कधी, जावक कधी. मग हाताखालून काम गेलं तो वेळ वेगळा मोजा आणि कागद टेबलावर पडून राहिला तो वेगळा.

एका परवाना कार्यालयाने चार जादा कारकून मागितले होते. तारखा मांडल्यावर दिसलं, की एका अर्जावरचं प्रत्यक्ष काम दोन तासांचंही नव्हतं, परवाना मात्र दीड महिन्याने हाती पडत होता. सही करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे आणखी दोन कार्यालयांचा अतिरिक्त कार्यभार होता आणि ते आठवड्यातून एकदाच येत. चार कारकून दिले असते तर सहीसाठीचा ढीग तेवढा वाढला असता.

नोंदवहीत जे येतच नाही, तेही पाहायला हवं. दोन दिवस खिडकीशेजारी बसा आणि अर्ज न घेताच किती जणांना परत पाठवलं, कोणत्या कारणाने, ते लिहा. शक्य असेल तर स्वतः अर्जदार व्हा. पेरूमध्ये 1983 साली अर्थतज्ज्ञ एर्नान्दो दे सोतो यांच्या संस्थेने राजधानी लिमाच्या वेशीवर कपडे शिवण्याचा एक छोटा कारखाना नावापुरता उभा केला आणि रीतसर नोंदणीसाठी सगळ्या पायऱ्या चढून पाहिल्या. 289 दिवस लागले. कुठल्याही एका टेबलावरून हा आकडा दिसला नसता.

पैशाचा माग दोन्ही टोकांनी काढा. कोषागारातून किती निघाले आणि शेवटच्या ठिकाणी किती पोचले, हे दोन वेगळ्या माणसांना विचारा. युगांडात 1991 ते 1995 या काळात प्राथमिक शाळांसाठीच्या प्रतिविद्यार्थी अनुदानातला सरासरी 13 टक्केच भाग शाळांपर्यंत पोचत होता. पुढे सरकारने अनुदानाच्या रकमा वर्तमानपत्रांतून आणि शाळांच्या फलकांवर जाहीर करायला सुरुवात केली आणि पोचणारा वाटा खूप वाढला. इतर सुधारणांचाही त्यात हात होता, पण आपल्या शाळेचा आकडा पालकांना ठाऊक असणं ही फार मोठी गोष्ट आहे.

हजेरीपत्रकावर विसंबू नका, न कळवता जा. बांगलादेश, इक्वेडोर, भारत, इंडोनेशिया, पेरू आणि युगांडा या सहा देशांत अशा अचानक भेटींत सरासरी 19 टक्के शिक्षक आणि 35 टक्के आरोग्य कर्मचारी जागेवर नव्हते. प्रत्येक रिकाम्या खुर्चीमागचं कारण मात्र विचारा. कोणी रजेवर असतं, कोणाला दुसऱ्याच सरकारी कामाला जुंपलेलं असतं. सगळ्यांना कामचुकार ठरवणं मला अन्यायाचं वाटतं, आणि त्यातून उपायही चुकतो.

मग बदल एकच करा, एकाच खिडकीवर, सहा आठवडे. तो काय असावा हे खिडकीवरच्या कारकुनाला आधी विचारा. अडचण त्याला पाठ असते, त्याला कोणी विचारलेलं नसतं.

त्या परवाना कार्यालयात किरकोळ प्रकरणांवर सही करायचा अधिकार आम्ही खालच्या अधिकाऱ्याला दिला, पण तोंडी. वरिष्ठांची बदली झाली, नवे अधिकारी आले आणि तारखा पुन्हा लांबल्या. दुसऱ्या वेळी लेखी आदेश काढून घेतला, कोणती प्रकरणं कोणाच्या सहीने निघतील ते त्यात नमूद केलं आणि तो आदेश खिडकीवर लावला. पुढच्या बदलीनंतर मी परत जाऊन वीस-वीस अर्ज काढले. सह्या त्याच आठवड्यातल्या होत्या.