बिबट्याच्या भीतीने कमरेला पिस्तूल लावायचं म्हणताय? या चुका टाळा

निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या मळ्यांत बिबट्या दिसल्याची बातमी आली की दोन प्रश्न हमखास कानावर येतात. शेतकरी विचारतो, रात्री पाणी भरायला जाताना जवळ पिस्तूल ठेवता येईल का? शहरातला ट्रेकर विचारतो, साल्हेर किल्ल्यावर मुक्कामी जाताना सोबत कोणतं छोटं हत्यार बरं? दोघांची भीती खरी आहे. रात्रीच्या पाळीची वीज, डोक्याच्या वर गेलेला ऊस आणि हातात फावडं घेतलेला एकटा माणूस, हे ज्याच्या वाट्याला येतं त्याला कुणी धीराचे उपदेश ऐकवू नयेत. पण भीतीच्या भरात हत्यार निवडलं की निवड बहुतेक वेळा चुकते. त्याची किंमत कधी आपल्याला मोजावी लागते, कधी बांधापलीकडच्या शेजाऱ्याला.

परदेशी व्हिडिओ पाहून हत्यार ठरवणं

अमेरिकेत जंगलात जाताना कमरेला मोठ्या बोअरचं, म्हणजे मोठ्या व्यासाच्या नळीचं रिव्हॉल्व्हर लावतात, कारण तिथे गाठ अस्वलाशी असते. अस्वल पुष्कळदा समोरून, उघड्यावर अंगावर येतं. त्यामुळे हत्यार बाहेर काढायला क्षण-दोन क्षण मिळू शकतात. तिथली पॉइंट ४४ मॅग्नम गोळी हजार ज्यूलच्या वर ऊर्जा घेऊन निघते, आणि एवढं असूनही तिथले अनेक जाणकार आधी मिरचीचा फवारा हाताशी ठेवायला सांगतात.

आपल्याकडे चित्र वेगळं आहे. ९ एमएम आणि पॉइंट ३८ हे बोअर सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित आहेत. परवान्यावर मिळणारं भारतीय बनावटीचं छोटं हत्यार म्हणजे मुख्यतः पॉइंट ३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल. त्याच्या गोळीची ऊर्जा साधारण दीडशे ते दोनशे ज्यूल. अंगावर झेपावलेला पन्नास-साठ किलोचा बिबट्या एवढ्याने जागीच थांबेल, हा भरवसा कुणीही देऊ शकत नाही. बहुधा तो जखमी होईल आणि उसात शिरेल. जखमी बिबट्या दडलेला ऊस सकाळी तोडायला कोण जाणार, हा विचार गोळी झाडण्याआधी करायला हवा.

याहून मोठी अडचण वेळेची आहे. बिबट्या दबा धरतो, मागून किंवा बाजूने येतो आणि मान धरतो. २०२५ मध्ये शिरूर-जुन्नरकडे लोकांनी गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातले होते, ते याच कारणाने. दहा मीटरवरून त्याने झेप घेतली तर तुमच्या हातात एक सेकंदही धड उरत नाही. चिखलाने माखलेले हात, कमरेला बांधलेला टॉवेल, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्यात फावडं अशा अवस्थेत पिस्तूल काढून, अंधारात नेम धरून गोळी मारणं सराव असलेल्या माणसालाही जमेल असं नाही. आपल्यातल्या बहुतेकांनी तर पिस्तूल हातातही धरलेलं नसतं.

आणि गोळी जाते कुठे, हाही प्रश्न आहेच. नाशिकचे मळे निर्जन नाहीत. उसाच्या पलीकडे कुणाची तरी वस्ती असते, ऊसतोड कामगारांच्या कोप्या असतात, बांधावर कुणीतरी मोटर चालू करायला आलेलं असतं. ऊस गोळी अडवत नाही. बिबट्याला पळवण्यासाठी हवेत मारलेली गोळीही कुठेतरी खाली येतेच.

परवाना मिळाला म्हणजे कुठेही नेता येतं, असं समजणं

नाशिक शहरात पोलिस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी शस्त्र परवाना देतात. अर्जात ‘आमच्याकडे बिबट्या येतो’ एवढं लिहून छोट्या हत्याराचा परवाना हातात पडेल, अशी अपेक्षा ठेवू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा, आणि संरक्षणासाठी किमान २० इंच नळीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. म्हणजे शेतावरच्या गरजेसाठी कायदा लांब नळीच्या बंदुकीकडे पाहतो. खिशात मावणारं पिस्तूल त्याच्या नजरेसमोर नाही. माझ्या मते यात शहाणपण आहे. लांब नळीची बंदूक सहज लपवता येत नाही, गर्दीत नेता येत नाही आणि नेमालाही तुलनेने सोपी असते.

ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांनी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, परवान्याचं क्षेत्र. तो महाराष्ट्रापुरता असेल आणि तुम्ही साल्हेर करून तसेच गुजरातमधल्या सापुताऱ्याकडे उतरलात, तर हद्द ओलांडताच तुमचं कायदेशीर हत्यार बेकायदा ठरतं. दुसरी, अभयारण्य. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे अभयारण्यात पूर्वपरवानगीशिवाय शस्त्र घेऊन जाता येत नाही. पक्षी पाहायला आपण ज्या नांदूरमध्यमेश्वरला जातो ते अभयारण्य आहे. रतनगड आणि कळसूबाई ज्यात येतात तो कळसूबाई-हरिश्चंद्रगड परिसरही अभयारण्यच. शिवाय कलम ३४ नुसार अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला वनखात्याकडे नोंद करावी लागते, आणि निफाड तालुक्यातली बरीच गावं या कक्षेत येतात. तिसरी, निवडणूक. आचारसंहितेच्या काळात परवान्याची शस्त्रं पोलिस ठाण्यात जमा करायला सांगितलं जातं. ऐन हंगामात तुमचं ‘संरक्षण’ ठाण्याच्या कपाटात असू शकतं.

‘स्वसंरक्षणात मारलं’ म्हणून सुटू, असं धरून चालणं

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ मध्ये तशी तरतूद आहे, हे खरं. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी, सद्भावनेने वन्यप्राण्याला मारावं किंवा जखमी करावं लागलं तर तो गुन्हा ठरत नाही. पण त्या वेळी तुम्ही स्वतः त्याच कायद्याचा भंग करत असाल तर हे संरक्षण गळून पडतं. अभयारण्यात परवानगीशिवाय पिस्तूल घेऊन गेलेल्या माणसाची बाजू इथेच लंगडी होते.

शिकारीची व्याख्याही आपण समजतो त्यापेक्षा बरीच मोठी आहे. मारण्याचा प्रयत्न, जखमी करणं, आमिष लावणं, हाकारे घालून पाठलाग करणं हे सगळं तिच्यात येतं. बिबट्या या कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे आणि त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. शेळी नेली म्हणून दुसऱ्या दिवशी चार जणांनी बंदूक घेऊन उसात शिरणं हे स्वसंरक्षण नव्हे. रानडुकरांचा त्रास असेल तर वनखात्याकडे रीतसर अर्ज करण्याची वाट आहे. परस्पर गोळी घालू नका.

स्वस्तातला पर्याय शोधणं

गावठी कट्ट्याबद्दल थोडक्यात सांगतो. तो जवळ बाळगल्याबद्दल २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षांची शिक्षा आहे, आणि तो हातातच फुटण्याची भीती वेगळी.

एअरगनचा मोह जास्त लोकांना होतो, कारण पॉइंट १७७ बोअरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअरगनला परवाना लागत नाही. पण तो छर्रा बिबट्याला थांबवत नाही, फक्त चिडवतो. डोळ्याला लागला तर प्राणी आयुष्यभरासाठी अधू होतो, आणि शिकार करू न शकणारा बिबट्या वस्तीच्या अधिक जवळ येतो.

सुऱ्याचंही तसंच. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचं धारदार हत्यार शस्त्र नियमांत येतं. घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. शेतात कोयता असणं स्वाभाविक आहे. तोच कोयता सॅकला बाहेरून लटकवून नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर एसटीची वाट पाहत उभे राहिलात तर पोलिस विचारणारच, आणि त्यांनी विचारायलाच हवं.

कुंपणाच्या तारेत थेट लाइनचा करंट सोडणं ही सर्वांत घातक चूक. त्यात माणसं मरतात, बहुतेकदा आपल्याच घरातली किंवा शेजारची. सौर कुंपणाचा झटका तुटक आणि मर्यादित असतो. फरक जिवाचा आहे.

मग हातात काय असावं

छातीएवढ्या उंचीची मजबूत काठी, वरच्या टोकाला घुंगरू बांधलेली. घुंगरू यासाठी की बिबट्याला तुमची चाहूल आधीच लागावी. अचानक समोरासमोर येणं हाच धोक्याचा क्षण असतो, आणि माणूस येतोय हे कळलं तर बिबट्या बहुधा बाजूला होतो. मोबाइलवर मोठ्याने भजन किंवा बातम्या लावल्या तरी तेच काम होतं. कानात इअरफोन घालून पाणी भरायला जाणं मात्र बंद करा.

दुसरी वस्तू बॅटरी. लांबवर झोत टाकणारी एक हातात आणि डोक्याला बांधायची दुसरी. पिस्तुलावर खर्च करायला निघालेल्या माणसाने त्याच्या किरकोळ हिश्श्यात उत्तम दर्जाच्या दोन बॅटऱ्या घ्याव्यात. निघण्याआधी चार्जिंग पाहा आणि शेतात शिरण्याआधी बांधावर उभं राहून चारही बाजूंना झोत फिरवा. झोतात बिबट्याचे डोळे चमकतात, ते पिस्तूल काढण्याच्या कितीतरी आधी दिसतात.

तिसरी, मिरचीचा फवारा. तो बिनपरवाना मिळतो. पण आपल्याकडे मिळणारे छोटे डबे मुळात माणसांसाठी बनवलेले असतात. पल्ला दोन-तीन मीटरचा. वारा समोरून असेल तर सगळं आपल्याच डोळ्यांत येतं. डब्यावरची मुदत संपलेली असेल तर दाब उतरलेला असतो. शेवटचा उपाय म्हणून जवळ असावा, पण सॅकच्या तळाशी ठेवू नका.

चौथी गोष्ट, सोबत. दोघांनी जा. जमलं तर दिवसाच्या विजेची मागणी ग्रामपंचायतीतून लावून धरा. रात्रीचं पाणी भरणं टळलं तर जेवढा धोका कमी होतो तेवढा कुठल्याच हत्याराने होत नाही.

सोबत म्हणून कुत्रं मात्र नेऊ नका. पुष्कळांना हे पटत नाही. वन्यजीव अभ्यासक डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. आहारातला ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला, आणि त्यात एकट्या कुत्र्याचा ३९ टक्के. मुक्कामाच्या तंबूबाहेर बांधलेलं कुत्रं राखण करत नाही, ते बिबट्याला बोलावतं. उरलेलं मटण, हाडं तंबूजवळ टाकली की कुत्री येतात आणि त्यांच्या मागावर तोही.

समोर आलाच तर होणाऱ्या चुका

पळू नका. पाठ फिरवली की पाठलागाची ऊर्मी जागी होते. खाली बसू नका, वाकू नका. उभा माणूस त्याला नेहमीचं भक्ष्य वाटत नाही, बसलेला वाटू शकतो. म्हणूनच अंधारात उघड्यावर शौचाला बसणं आणि वाकून दारं धरणं, म्हणजे पिकाला पाणी वळवणं, या दोन वेळा जास्त धोक्याच्या. लहान मूल सोबत असेल तर नजर न हटवता त्याला उचलून घ्या. हात वर करा, ओरडा, काठी आपटा आणि सावकाश मागे सरका. त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवा. त्याने अंगावर झेप घेतलीच तर मान वाचवा आणि काठी, दगड, बॅटरी, हाताला लागेल त्याने तोंडावर मारत राहा.

गर्दी करू नका. जानेवारी २०१९ मध्ये गंगापूर रोडला सावरकरनगरात बिबट्या शिरला, तेव्हा बघ्यांचा लोंढा लोटला आणि घाबरलेल्या जनावराने काही जणांना जखमी केलं. शेवटी त्याला बेशुद्ध करून पकडावं लागलं. अशा गर्दीत कुणाच्या कमरेला पिस्तूल असतं तर काय झालं असतं, याचा विचारही नको वाटतो.

ऊसतोडीत बछडे सापडले तर उचलून घरी आणू नका, सेल्फी काढू नका. तोड तिथेच थांबवा आणि वनखात्याला कळवा. ते बछडे त्याच जागी ठेवतात आणि बहुतेकदा रात्रीत आई घेऊन जाते. पिल्लं हरवलेली मादी गावाभोवती फिरत राहिली तर धोका साऱ्या वस्तीला असतो.

जिथे हत्यार उपयोगाचंच नाही

गडावर बिबट्यापेक्षा आग्या मोहोळाची गाठ पडण्याची शक्यता अधिक. कड्याखाली धूर करू नका, उग्र अत्तर लावू नका, पोळ्याच्या दिशेने दगड भिरकावू नका. माशा उठल्या तर तोंड-डोकं झाकून लांब पळा. इथे पळणंच बरोबर. सापासाठी काठी मारायला नाही, पुढचं गवत आपटत चालायला वापरा आणि घोट्याच्या वर येणारे बूट घाला. दंश झालाच तर कापू नका, करकचून बांधू नका, अवयव स्थिर ठेवून १०८ ला फोन करा. ब्रह्मगिरी, सप्तशृंगीच्या माकडांना काठी उगारण्यापेक्षा हातात पिशवी न ठेवणं सोपं.

जखम झाल्यावर

बिबट्याचा ओरखडा खोल नसला तरी हळद लावून घरी थांबू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा. धनुर्वातासोबत रेबीजची लस लागते, आणि रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. लशीचे सगळे डोस वेळच्या वेळी पूर्ण करा. जखमीला नेत असतानाच दुसऱ्या कुणीतरी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. भरपाईसाठी वनखात्याचा पंचनामा आणि सरकारी डॉक्टरांचा दाखला दोन्ही लागतात, तेव्हा हल्ल्याच्या जागेवरचे ठसे लोकांच्या पायांखाली पुसले जाऊ देऊ नका आणि केसपेपर जपून ठेवा.