राजमार्गावर चालावे, जेवावे मात्र मागच्या गल्लीत : कमी खर्चात प्राग

चेक प्रजासत्ताकाची राजधानी असलेल्या प्रागमध्ये दारूगोळ्याच्या मनोऱ्यापासून निघून ओल्ड टाउन चौकात, तेथून अरुंद कार्लोवा गल्लीने चार्ल्स पुलावर आणि पूल ओलांडल्यावर नेरुदोवा रस्त्याच्या चढाने थेट किल्ल्यापर्यंत जाणारी एक वाट आहे. तिला राजमार्ग म्हणतात, कारण बोहेमियाच्या, म्हणजे आजच्या चेक देशाच्या पश्चिम भागाच्या, राजांच्या राज्याभिषेकाची मिरवणूक याच वाटेने जात असे. आज तेथून पर्यटकांची मिरवणूक जाते आणि महागडी कॉफी, फसवे दर लावणारी चलन बदलण्याची दुकाने व फुगवलेली जेवणाची बिले तिच्या दोन्ही बाजूंना वाट पाहत असतात. या वाटेवर पाहण्यासारखे जे आहे ते बहुतेक सारे फुकट आहे आणि विकत घेण्यासारखे जवळजवळ काहीच नाही. हे ध्यानात ठेवून आखणी केली, तर युरोपातील हे जुने राजधानीचे शहर मध्यमवर्गीय खिशाला झेपते.

आधी घरी बसून करायची कामे. एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या शेंगेन गटात चेक प्रजासत्ताक असल्याने शेंगेन व्हिसा लागतो. प्रौढांसाठी त्याचे शुल्क ९० युरो असून अर्ज स्वीकारणाऱ्या व्हिसा केंद्राचे सेवाशुल्क वेगळे पडते. किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवासविमा सक्तीचा आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारणपणे १५ दिवस लागतात असे नियम सांगत असला, तरी भेटीची वेळ मिळण्यातच कित्येक दिवस जातात, म्हणून उशीर करू नये. प्रागला जोडून व्हिएन्ना आणि बुडापेस्ट करणार असाल, तर ज्या देशात सर्वाधिक रात्री काढणार त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो. नाताळ आणि ईस्टर या दोन्ही सणांच्या बाजारांमुळे खोल्यांचे दर चढतात; एप्रिलचा उत्तरार्ध किंवा ऑक्टोबर हा काळ हवा आणि दर या दोन्ही दृष्टींनी बरा. जानेवारी-फेब्रुवारीत खोली स्वस्त मिळते खरी, पण दुपारी लवकर मावळणारा दिवस आणि गोठवणारा वारा पाहता ती बचत सर्वांना मानवेलच असे नाही.

पैसा सर्वांत जास्त गळतो तो चलनाच्या व्यवहारात. चेक देशात युरो चालत नाही, कोरुना चालतो. काही दुकानदार युरो घेतात, पण त्यांचा दर त्यांच्याच सोयीचा असतो. आपल्याकडील अनेक बहुचलनी कार्डांवर कोरुना हे चलनच नसते. युरो भरलेले कार्ड तेथे वापरले की रूपांतराचे शुल्क लागते, तेव्हा ते किती हे निघण्यापूर्वी बँकेत विचारून घ्यावे. दुकानातील यंत्र किंवा एटीएम ‘रुपयांत आकारू की कोरुनात?’ असे विचारते, तेव्हा नेहमी कोरुनाच निवडावे. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, पण त्यात यंत्रवाल्याने स्वतःचा नफा आधीच मिसळलेला असतो. पर्यटकांच्या गर्दीत ठिकठिकाणी उभ्या केलेल्या सुट्या एटीएमपेक्षा बँकेच्या शाखेला लागून असलेले एटीएम बरे. रोख चलन बदलावेच लागले, तर ‘शून्य टक्के कमिशन’ या पाटीला भुलू नये. आपल्या नोटेचे नेमके किती कोरुना हातात पडतील, एवढाच प्रश्न विचारावा आणि उत्तर कागदावर घ्यावे. तरीही फसगत झालीच, तर एक कायदेशीर आधार आहे : २०१९ पासून १,००० युरोंपर्यंतचा असा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करून मागता येतो. पावती मात्र जपून ठेवलेली हवी.

राहण्यासाठी चौकाजवळची खोली शोधण्याचा हट्ट सोडावा. झिझकोव्ह, व्रशोवित्से, होलेशोवित्से, स्मिखोव्ह या भागांत ट्रामच्या थांब्याजवळ खोली घेतली की मध्यवस्तीत यायला फार वेळ लागत नाही. मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास थांबली तरी नव्वदच्या क्रमांकांच्या रात्रीच्या ट्राम पहाटेपर्यंत धावतात, त्यामुळे परतण्यासाठी टॅक्सीची गरज पडत नाही. विमानतळावरून ५९ क्रमांकाची ट्रॉलीबस नाद्राझी वेलेस्लावीन या मेट्रो स्थानकावर आणते आणि तेथून हिरवी मार्गिका थेट शहराच्या पोटात नेते. तिकीट अंतराचे नसून वेळेचे असते आणि एकच तिकीट मेट्रो, ट्राम व बस या तिन्हींत चालते. तीन दिवस राहणाऱ्याने ७२ तासांचे तिकीट घेणे सर्वांत सुटसुटीत. नवखा माणूस चुकतो तो येथेच : कागदी तिकीट विकत घेऊन भागत नाही, पहिल्या प्रवासाच्या वेळी ते पिवळ्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवावा लागतो. स्थानकांत आत शिरताना फाटके आडवी येत नाहीत, म्हणून कोणी पाहत नाही असे वाटते. साध्या वेशातील तपासनीस मात्र असतात आणि शिक्का नसलेले तिकीट त्यांच्या लेखी कोरा कागद असतो.

आता भटकंती. राजमार्ग उलट्या दिशेने चालावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. सकाळी लवकर २२ क्रमांकाच्या ट्रामने वर पोहोर्झेलेत्स या थांब्यावर उतरावे. जवळच स्ट्राहोव्ह मठाच्या खालच्या उतारावरून लाल कौलांचे सगळे शहर पायाशी पसरलेले दिसते. तेथून किल्ल्यात जावे. किल्ल्याची अंगणे सकाळी सहापासून उघडी असतात आणि त्यांत फिरायला तिकीट लागत नाही. तिकीट लागते ते आतील इमारतींना. १३४४ साली पाया घातलेले आणि १९२९ साली पुरे झालेले सेंट व्हायटस चर्च बाहेरून पाहिले, तरी जवळजवळ सहा शतकांच्या बांधकामाचा पल्ला भिंतींवर वाचता येतो. पुढे उताराने खाली येताना वाल्डश्टाइन बागेत शिरावे. आज जेथे चेक संसदेचे वरिष्ठ सभागृह, सिनेट, बसते त्या प्रासादाची ही बाग उन्हाळी महिन्यांत विनामूल्य खुली असते आणि तीत मोर हिंडतात. चढाचे काम ट्रामने केलेले असल्यामुळे पुलावर पोहोचेपर्यंत पायांत बळ शिल्लक राहते.

चार्ल्स पूल १३५७ साली बांधायला घेतला गेला. त्यावरील तीस शिल्पे निवांत पाहायची असतील, तर हा पूल वेगळ्या दिवशी सूर्योदयाला पुन्हा गाठावा, कारण दहानंतर तेथे फक्त माणसांच्या पाठी दिसतात. ओल्ड टाउन चौकातील १४१० सालच्या खगोलीय घड्याळापाशीही अशीच गर्दी असते. दर तासाला खिडक्यांतून बारा प्रेषितांच्या मूर्ती फिरून जातात, त्या वेळी सारे वर पाहत असतात आणि खिसेकापूंना नेमकी तीच वेळ सोयीची असते. पंचांग पाहण्याची सवय असलेल्या वाचकाने मूर्तींपेक्षा त्या तबकडीकडे लक्ष द्यावे. सूर्य आणि चंद्र कोणत्या राशीत आहेत हे तीवर दिसते आणि बाहेरच्या कड्यावर सूर्यास्तापासून मोजलेले जुने बोहेमियन तास आहेत. मूर्ती निघून गेल्यावर गर्दी पांगते, तेव्हा हे वाचन निवांतपणे होते. जवळच फरसबंदीत सत्तावीस पांढरे क्रूस जडवलेले आहेत; हाब्सबुर्ग राजघराण्याच्या सत्तेविरुद्ध उठलेल्या सत्तावीस जणांना २१ जून १६२१ रोजी तेथे देहदंड दिला गेला. त्यांवरून लोक सहज चालत जातात.

जेवणाचा खर्च आटोक्यात आणणारी एकच गोष्ट सांगायची झाली, तर ती म्हणजे दुपारचा ठरावीक बेत. ‘पोलेद्नी मेनू’ किंवा ‘देन्नी मेनू’ अशी पाटी दिसली, की कामाच्या दिवशी साधारण अकरा ते दोनच्या दरम्यान सूप आणि मुख्य पदार्थ एकट्या पदार्थाच्या नेहमीच्या दरापेक्षाही कमी पैशांत मिळू शकतात. मोठे जेवण दुपारीच उरकावे आणि रात्री दुकानातून पाव, चीज, दही व फळे आणून भागवावे. शाकाहारी माणसाचेही हाल होत नाहीत : तळलेल्या चीजची वडी, लसूण व मार्जोरम ही सुगंधी पाने घातलेले बटाट्याचे धिरडे म्हणजे ‘ब्राम्बोराक’, आणि मसुराची आंबट ‘चोच्का’, जी पाहून घट्ट आमटीची आठवण होते. चोच्कावर अंडे असते, कधी सॉसेजही, तेव्हा आधी विचारावे. सूप भाज्यांचे दिसले तरी पाणी हाडांचे असू शकते. विचारायचे शब्द ‘बेझ मासा’, म्हणजे मांसाशिवाय. चेक भाषेत ‘मासो’ म्हणजे मांस, आणि हा शब्द आपल्या मांसाचा दूरचा भाऊबंदच आहे. मराठी कानाला मात्र आपण मासा नको म्हणत आहोत असे वाटत राहते. टेबलावर न मागता ठेवलेला पाव खाल्ल्यास त्याचे पैसे लागू शकतात. नळाचे पाणी पिण्याजोगे असल्याने बाटली भरून जवळ ठेवावी. आणि चौकात निखाऱ्यांवर फिरणारी साखरेची गुंडाळी ‘ट्रदेल्निक’ ही प्रागची प्राचीन परंपरा असल्याचे कितीही सांगितले, तरी ती पर्यटकांसाठी अलीकडे रुजलेली गोष्ट आहे.

एका ठिकाणी मात्र हात आखडता घेऊ नये. योसेफोव्ह या जुन्या ज्यू वस्तीतील संग्रहालयाचे तिकीट स्वस्त नाही, पण त्यात अनेक सिनेगॉग म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळे आणि जुनी दफनभूमी पाहता येते. पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या बोहेमिया व चेक देशाच्या पूर्वेकडील मोराव्हिया या भागांतील सुमारे ७८,००० ज्यूंची नावे हाताने लिहिलेली आहेत. नावे वाचत चालताना तिकिटाचा हिशेब मनात राहत नाही. शनिवारी हे सारे बंद असते, म्हणून संग्रहालयाचा दिवस आधी ठरवून टाकावा. शनिवारी त्याऐवजी विशेह्रादच्या टेकडीवर जावे. तेथील जुन्या किल्ल्याच्या तटबंदीवर फिरायला पैसे पडत नाहीत, व्ल्तावा नदीचे वळण दिसते आणि तेथील दफनभूमीत स्मेताना आणि द्वोर्झाक हे दोन संगीतकार चिरविश्रांती घेत आहेत.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी खिसे उलटे करून नाणी मोजावीत. उरलेल्या नोटा कोठेतरी बदलून मिळतील, नाणी मात्र भारतात कोणी घेणार नाही. विमानतळावरच्या कॉफीत ती घालवण्याऐवजी मेट्रो स्थानकाजवळच्या दुकानातून प्रवासासाठी पाव आणि सफरचंदे घ्यावीत, आणि उरलेली रक्कम कार्डाने चुकती करावी.