परीक्षेतील गैरप्रकारासाठी शिक्षकांना झालेली शिक्षा कशी जोखावी

गुण वाढवल्याबद्दल शिक्षकांना तुरुंगवास झाल्याची बातमी आली, की कोणी ‘चांगली अद्दल घडली’ म्हणतो, तर कोणाला शिक्षकांच्या हातातल्या बेड्या पाहवत नाहीत. मत बनवण्याआधी काही गोष्टी क्रमाने तपासाव्यात. त्यासाठी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा शहराचे प्रकरण समोर ठेवणे उपयोगी ठरते; तेथे शिक्षकांनीच मुलांच्या उत्तरपत्रिकांतील उत्तरे बदलून गुण फुगवले होते.

प्रथम, निकालाचा फायदा कोणाला होणार होता हे पाहावे. अटलांटात परीक्षा प्राथमिक आणि माध्यमिक शाळांतील मुलांची होती. परंतु 2002 च्या केंद्रीय शिक्षण कायद्यानंतर तिच्या निकालावर शाळेचे भवितव्य, मुख्याध्यापकांची नोकरी आणि वरिष्ठांचे बोनस ठरू लागले होते. शहराच्या शाळा अधीक्षक बेव्हर्ली हॉल यांना 2009 मध्ये देशातील सर्वोत्तम शाळा अधीक्षकाचा सन्मान मिळाला, आणि त्याच वर्षीच्या उत्तरपत्रिका पुढे चौकशीच्या फेऱ्यात सापडल्या.

त्यानंतर पुरावा पाहावा. चुकीचे उत्तर खोडून बरोबर उत्तराचे वर्तुळ काळे केल्याच्या खुणा यंत्राला वाचता येतात, आणि अटलांटातील अनेक वर्गांत अशा खुणा राज्याच्या सरासरीपेक्षा कितीतरी अधिक निघाल्या. आकडेवारी संशय निर्माण करते. विशिष्ट व्यक्तीचा गुन्हा मात्र तिने सिद्ध होत नाही. म्हणून राज्यपालांनी नेमलेल्या तपास अधिकाऱ्यांनी शेकडो जबाब घेतले. त्यांच्या 2011 च्या अहवालानुसार तपासलेल्या 56 पैकी 44 शाळांत गैरप्रकार झाला होता, 178 शिक्षक व मुख्याध्यापक त्यात गुंतले होते आणि त्यांपैकी 82 जणांनी कबुली दिली होती.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि बातमीत तीच बहुधा सुटते: आरोप कोणत्या कलमाखाली ठेवला आहे? मार्च 2013 मध्ये 35 जणांवर आरोप ठेवले गेले, ते प्रामुख्याने जॉर्जियाच्या ‘रिको’ कायद्याखाली, म्हणजे संघटित गुन्हेगारी मोडून काढण्यासाठी केलेल्या कायद्याखाली. आपल्याकडील मोक्का ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या निवडीचे गांभीर्य सांगावे लागणार नाही. या कायद्यात 20 वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. वर्गात बसून उत्तरे बदलणाऱ्या शिक्षिकेला टोळीच्या चौकटीत बसवणे मला अतिरेकी वाटते. मात्र खोटे जबाब देणे आणि साक्षीदारांवर दबाव आणणे हेही आरोपपत्रात होते, आणि ते गुन्हे कोणाही नागरिकासाठी गंभीरच असतात.

शिक्षेचा आकडा वाचताना प्रत्यक्ष तुरुंगवास आणि प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाबाहेर देखरेखीखाली काढायचा काळ, वेगळे काढावेत. 35 पैकी 21 जणांनी खटल्याआधीच गुन्हा कबूल केला आणि त्यांतील बहुतेकांना तुरुंगात जावे लागले नाही. बारा जणांवर खटला चालला. 1 एप्रिल 2015 रोजी अकरा जण दोषी ठरले, एकाची निर्दोष मुक्तता झाली. तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांना न्यायाधीश जेरी बॅक्स्टर यांनी 20 वर्षांची शिक्षा दिली. तिच्यात तुरुंगवास सात वर्षांचा होता. त्याच महिन्याच्या अखेरीस न्यायाधीशांनी स्वतःच फेरविचार करून तो तीन वर्षांवर आणला आणि प्रत्येकी 25,000 डॉलरचा दंड 10,000 वर उतरवला. त्यामुळे पहिल्या दिवसाच्या मथळ्यावर विसंबू नये, अपिलांचेही पाहावे. ज्यांच्या कारकिर्दीत हे घडले त्या हॉल यांनी आरोप नाकारले होते, आणि निकालापूर्वीच, मार्च 2015 मध्ये, त्यांचे निधन झाले.

नुकसान कोणाचे झाले, हाही प्रश्न विचारावा. ज्या मुलाला वाचता येत नव्हते त्याचे गुण फुगवल्यामुळे ते कागदोपत्री उत्तीर्ण ठरले आणि जी जादा शिकवणी त्याला मिळायला हवी होती तिची गरज कोणाच्या लक्षातच आली नाही. शिक्षकांच्या बाजूने बोलताना या मुलाला विसरणे मला मान्य नाही.

भारतातील बातमी असेल, तर प्रथम परीक्षा कोणत्या कायद्यात बसते ते ठरवावे. 21 जून 2024 पासून लागू झालेला केंद्राचा कायदा केंद्रीय लोकसेवा आयोग, कर्मचारी निवड आयोग, रेल्वे भरती, बँक भरती आणि नीटसारख्या राष्ट्रीय चाचणी संस्थेच्या परीक्षांसाठी आहे. त्यात प्रश्नपत्रिका फोडणे, उमेदवाराला उत्तरे पुरवणे किंवा ओएमआर, म्हणजे यंत्राने तपासल्या जाणाऱ्या, उत्तरपत्रिकेत फेरफार करणे यांसाठी तीन ते पाच वर्षे कारावास आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. संघटित गुन्हा ठरल्यास कारावास पाच ते दहा वर्षांचा आणि दंड किमान एक कोटीचा होतो. हे गुन्हे अजामीनपात्र आहेत. दहावी-बारावीच्या मंडळ परीक्षांसाठी मात्र महाराष्ट्राचा 1982 चा स्वतंत्र कायदा आहे, त्यामुळे मंडळाच्या केंद्रावर कॉपी पुरवणाऱ्या शिक्षकाच्या बातमीत 2024 च्या कायद्यातील आकडे लावू नयेत.