ग्रिडमध्ये काम करायचंय? आधी पाणी कुठवर चढतं ते बघा

इलेक्ट्रिकल करणारी मुलं विचारतात की पूर-वादळात ग्रिड टिकवायच्या कामात यायचं तर काय शिकू, म्हणून लिहितेय. मी ऐरोलीची, डिप्लोमानंतर एका कॉन्ट्रॅक्टरकडे सबस्टेशन मेंटेनन्सला लागले, त्याला सात वर्षं झाली.

कॉलेजात लोड फ्लो, रिले सगळं झालं होतं. पण पहिल्याच जुलैत घणसोलीत एका सोसायटीच्या सबस्टेशनमध्ये पाणी शिरलं, सप्लाय आम्ही आधीच बंद केलेला, पाणी ओसरलं तशी माणसं गेटवर जमली, लिफ्ट बंद, टाकीत पाणी नाही, आणि मलाही वाटलं की आता करूया चालू. सीनियर म्हणाले, "आधी मेगर लाव." मेगर म्हणजे इन्सुलेशन, म्हणजे वीज बाहेर गळू न देणारं आवरण, शाबूत आहे का ते मोजायचं मीटर. लावला तर केबलच्या टोकाचं रीडिंग जवळपास शून्य! तसंच चार्ज केलं असतं तर समोर उभ्या माणसाचं काय झालं असतं, अजून अंगावर काटा येतो. मग हीटर, ब्लोअर लावून अख्खी रात्र सुकवत बसलो. पॅनलचा चौथरा दोन फूट उंच असता तर हे काहीच झालं नसतं.

म्हणून सांगते, सॉफ्टवेअर शिकाच, पण आपल्या भागातला फीडर, म्हणजे सबस्टेशनमधून वस्तीला वीज नेणारी लाइन, एकदा पायी चालून बघा. कुठलं झाड तारेवर येतंय, खाडीकडच्या इन्सुलेटरवर मिठाचा थर किती बसलाय (दमट हवेत त्यावरूनच फ्लॅशओव्हर होतो, म्हणजे वीज इन्सुलेटरवरून खांबाकडे झेप घेते), एक केबल गेली तर दुसरीकडून बॅकफीड, म्हणजे पर्यायी सप्लाय, मिळतो का. जून 2020 च्या निसर्ग वादळात रायगडात खांबच्या खांब आडवे झाले, ते बघून सगळे म्हणतात केबल जमिनीखाली घाला. बरोबर आहे, वाऱ्याचा प्रश्न सुटतो, पण पाणी भरलेल्या रस्त्याखाली फॉल्ट शोधायला तारेपेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो, हे इथे काम करून कळलं.

आणि एन-1 नीट समजून घ्या, म्हणजे एक लाइन गेली तरी बाकीच्यांनी भार पेलला पाहिजे. 12 ऑक्टोबर 2020 ला वादळ नव्हतं, तरी कळवा-पडघा भागातल्या 400 केव्ही लाइन गेल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली, मुंबई वेगळी काढून चालू ठेवायची आयलंडिंग योजनाही त्या दिवशी टिकली नाही. इंटरव्ह्यूला जाताना ही घटना वाचून जा.

जॉइन झाल्यावर पहिल्या दिवशी जुन्या वायरमनला विचारा, गेल्या पुराची खूण कुठे आहे. बऱ्याचदा भिंतीवर ऑइल पेंटने रेघ मारलेली असते. तिच्या खाली कुठलं पॅनल येतंय ते वहीत लिहून ठेवा.