जन्मांधांच्या मेंदूवर प्रकल्प करायचाय? आधी वय विचारा

कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात मानसशास्त्र करणारी किंवा सीपीआर रुग्णालयात इंटर्नशिप करणारी मुलं या विषयाकडे वळतात ती बहुतेक एका वाक्यामुळे: अंधांच्या मेंदूतला दृष्टीचा भाग रिकामा बसत नाही. वाक्य खरंच आहे. १९९६ मध्ये सादातो आणि सहकाऱ्यांनी ब्रेल वाचताना हा भाग कामाला लागतो हे दाखवलं. १९९७ मध्ये कोहेन यांच्या गटाने त्याच भागावर चुंबकीय स्पंद दिले, तर लहानपणापासून अंध असलेल्यांच्या ब्रेल वाचनात चुका होऊ लागल्या. पण हे झालं कामाबद्दल. एमआरआय स्कॅनवर मेंदूची रचना मोजायला गेलं की गाडी अडते.

डोळ्याकडून येणारी वाट रोडावते, हे सरळ आहे: दृष्टिचेता, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस, बारीक; मेंदूच्या आत थॅलॅमसमध्ये तिचा थांबा असलेलं लॅटरल जेनिक्युलेट केंद्र लहान. गंमत पुढे आहे. डोक्याच्या मागच्या बाजूला कॅल्करीन खाचेभोवती असलेल्या व्ही-१ या दृष्टीच्या पहिल्या भागाचं पृष्ठफळ जन्मांधांत कमी भरतं, पण तिथलं कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा करडा थर, जाड दिसतं. दोन्ही गोष्टी उलट दिशेला. म्हणून नुसतं आकारमान मोजलंत तर एक फरक दुसऱ्यात मुरतो आणि हाती काही लागत नाही. स्कॅनवरून मेंदू मोजणाऱ्या फ्रीसर्फरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये पृष्ठफळ आणि जाडी वेगवेगळी काढा. पृष्ठफळाला डोक्याच्या आकाराची दुरुस्ती लावावीच लागते. जाडीवर त्याचा परिणाम फार कमी.

जाड का? नेहमीचं उत्तर छाटणीचं. दृष्टीच्या कॉर्टेक्समध्ये चेतापेशींचे जोड जन्मानंतर साधारण आठव्या महिन्याच्या सुमारास सर्वांत दाट असतात, मग पाहण्याच्या अनुभवातून नको ते गळतात. पाहणंच नसेल तर गळती अपुरी राहते. उत्तर पटण्यासारखं आहे, पण एकमेव नाही. टी-१ या नेहमीच्या एमआरआय चित्रात करड्या-पांढऱ्याची सीमा मायलिनवर, म्हणजे चेतातंतूंवरच्या स्निग्ध वेष्टनावर ठरते. तिथे मायलिन कमी असेल तर सॉफ्टवेअर सीमा आत सरकवतं आणि कॉर्टेक्स आहे त्यापेक्षा जाड भासतं. तेव्हा ‘जाड म्हणजे तल्लख’ असं प्रबंधात लिहू नका. परीक्षक तिथेच धरतील.

आता अंधत्व कोणत्या वयात आलं त्याचं. पंधराव्या वर्षी दृष्टी गेलेल्या माणसात ही जाडी सहसा दिसत नाही. त्याला जन्मांधांच्या गटात घेतलंत की सगळी सरासरी बिघडते. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर टक्केवारी असते, अंधत्व कधी आलं ते त्यावरून कळत नाही. ते आई-वडिलांना विचारून आणि डोळ्यांचे जुने कागद पाहूनच ठरवावं लागतं. जन्मापासून काही दिसत नव्हतं, की दोन-तीन वर्षांनी गेलं? उजेड-अंधार कळतो का? कारण काय? ‘सातव्या महिन्यात जन्म, काचेच्या पेटीत ठेवलं होतं’ असं ऐकलंत की थांबा. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यातला पडदा खराब होऊन अंधत्व येतं, पण अपुरे दिवस मेंदूही बदलतात. ही मुलं वेगळ्या गटात ठेवा, किंवा सरळ वगळा.

स्कॅनच्या वेळी तंत्रज्ञाशी आधी बोलून घ्या. व्हॉक्सेल, म्हणजे चित्राचा सर्वांत लहान ठोकळा, सगळ्या बाजूंनी १ मिमी, आणि डोळस तुलनागटाला तेच यंत्र, तीच सेटिंग, वय आणि लिंग जुळणारं. व्ही-१ ची जाडी जेमतेम दीड-दोन मिमी, फरक त्याच्याही अंशात. मधेच यंत्र बदललं तर फरक माणसांचा की यंत्राचा, सांगता येत नाही. दुसरं म्हणजे डोळ्यांची हालचाल. अनेक जन्मांधांचे डोळे सतत भिरभिरतात, ते मुद्दाम नसतं. फेज एन्कोडिंग (हालचालीचे दोष चित्रात ज्या दिशेने पसरतात ती सेटिंग) समोरून मागे ठेवलंत तर त्या हालचालीची भुतं, म्हणजे खोट्या प्रतिमा, नेमकी डोक्याच्या मागच्या भागावर उमटतात, म्हणजे जिथे मोजायचं तिथेच. दिशा बदलता येते का ते पहिल्या स्कॅनआधी विचारा. यंत्राचा खडखडाट न दिसणाऱ्याला जास्त दचकवतो. आवाज आधी मोबाईलवर ऐकवा, बोगद्याची कड हाताने चाचपू द्या, कानात बोळे घाला.

संमतीचा कागद भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ब्रेल लिपीत द्या. ब्रेल येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवा, शेजारी तटस्थ साक्षीदार हवा. शाळकरी मुलं असतील तर पालकांच्या सहीबरोबर मुलाचा स्वतःचा होकारही लागतो: ७ ते १२ वर्षांना तोंडी, त्यापुढे १८ पर्यंत लेखी. नीतिसमितीची मंजुरी हातात पडेपर्यंत अंधशाळेत नावं गोळा करायलाही जाऊ नका.