अरबी व्हॉइस असिस्टंट बनवताय? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक पहिल्याच दिवशी होते. भाषांच्या यादीत ‘अरबी’ अशी एकच ओळ टाकून लोक कामाला लागतात. बातम्या, पाठ्यपुस्तकं आणि भाषणं चालतात ती ‘फुस्हा’, म्हणजे प्रमाण अरबी. स्वयंपाकघरात ती कोणी बोलत नाही. ‘मला हवंय’ हे फुस्हात ‘उरीद’, कैरोत ‘आयिझ’, दमास्कसमध्ये ‘बिद्दी’, कासाब्लांकात ‘बघीत’. यांतला एक शब्द ऐकून दुसरा कळेल, अशी आशा मशीनकडून ठेवू नका.

गोम अशी की तयार मिळणारा ऑडिओ बराचसा बातम्यांचाच असतो. एमजीबी-२ हा प्रसिद्ध डेटासेट, म्हणजे मशीनला शिकवायचा ऑडिओसंग्रह, घ्या. त्यात सुमारे १,२०० तासांचा ऑडिओ आहे, तो अल जझीराच्या कार्यक्रमांचा, आणि त्यातला बहुतांश फुस्हात. त्यावर शिकवायचं, त्यातल्याच तुकड्यांवर चाचणी घ्यायची आणि उत्तम आकडे पाहून खूश व्हायचं! आकाशवाणीच्या बातम्यांवर मराठी शिकवून मालवणी आजीसमोर ठेवण्यासारखं आहे हे. आधी एक प्रदेश निवडा. २०२१च्या डिसेंबरात अलेक्सा सौदी आणि अमिरातीत अरबी बोलू लागली, तीही खलिजी, म्हणजे आखाती ढंगात.

‘कॉफी’ ओळखली जात नाही? उच्चारकोश, म्हणजे कोणता शब्द कसा उच्चारतात याची मशीनला दिलेली यादी, उघडा. लिहिताना ‘कहवा’, पण कैरोत पहिलं अक्षर गिळून ‘अहवा’, आखातात ‘गहवा’. असिस्टंटला हाक मारायच्या शब्दात ‘प’ नको. अरबीत तो ध्वनीच नाही, बरेच जण ‘ब’ म्हणतील.

चुकलेल्या शब्दांचं प्रमाण अवाच्या सवा दिसत असेल, तर मॉडेलला दोष देण्याआधी मोजमाप तपासा. बोलींचं ठरलेलं शुद्धलेखन नाही, त्यामुळे बरोबर ऐकलेला शब्दही वेगळ्या स्पेलिंगपायी चूक ठरतो. शिवाय ‘आणि ते ती लिहितील’ हे अख्खं वाक्य अरबीत एकच शब्द आहे, ‘वसयक्तुबूनहा’. एक अक्षर हुकलं की पूर्ण शब्द गेला. अक्षरपातळीवरचा आकडाही सोबत ठेवा.

असिस्टंट स्वतः बोलतो तेव्हा वेगळीच पंचाईत. अरबी लिखाणात ऱ्हस्व स्वर सहसा नसतात. क-त-ब ही तीन अक्षरं ‘कतब’ (त्याने लिहिलं), ‘कुतुब’ (पुस्तकं) किंवा ‘कुतिब’ (लिहिलं गेलं) होऊ शकतात. आपली ‘किताब’ याच घरातली. स्वर भरणारी पायरी वगळली, तर आवाज कितीही गोड असो, वाचन हास्यास्पद होतं.

‘उघड’ हे पुरुषाला ‘इफ्तह’, बाईला ‘इफ्तही’. सरसकट पुल्लिंग वापरलंत तर बायकांना ते खटकेल. आवाजावरून लिंग ओळखायला जाल तर मुलांच्या बाबतीत फसाल. सुरुवातीला एकदाच विचारून घ्या, नाहीतर वाक्यच फिरवा. शिष्टाचाराची वाक्यं तर प्रत्येक प्रदेशात तपासाच: आखातात आणि सीरियात ‘आफिया’ म्हणजे आरोग्य, म्हणून ‘यअतीक अल-आफिया’ ही सदिच्छा. मोरोक्कोत ‘आफिया’ म्हणजे आग.

आणि एक राहतंच. आखातातल्या घरात त्या स्पीकरशी मालकाइतकाच केरळचा ड्रायव्हर आणि कोकणातला स्वयंपाकीही बोलतो. त्यांची अरबी मोडकीतोडकी, ‘मा फी मालूम’ छापाची, पण रोजच्या कामाला पुरेशी. चाचणीच्या यादीत त्यांचे आवाज आहेत का, बघा.